दवाखाना बंद नसल्याबाबत

समाधान मेश्राम यांच्या नावावर पालिकेत सगळे विनोद करून झाले होते. तक्रार निवारण खात्याचा उपायुक्त आणि नाव समाधान, म्हटल्यावर लोक तरी काय करणार? तक्रारीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना असे, 'तक्रारदाराचे समाधान झाले काय?' त्यापुढे एका इरसाल पुणेकराने एकदा लिहून पाठवलं होतं, 'भेटले. झाले नाही.' मेश्रामांनी तो कागद फाइलला लावला, खाली 'पाहिले' असा शेरा मारला आणि सही ठोकली. विनोदावर रागवायचं नाही, हे ते भंडाऱ्याहून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येऊन नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिले तेव्हाच शिकले होते. या गावात अपमान इतका शुद्ध भाषेत होतो की कित्येकदा तो घरी गेल्यावर कळतो.

मेश्रामांच्या नोकरीतलं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे पाच शब्दांचा नियम. दर मंगळवारी अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर वरिष्ठ अधिकाऱ्यांची आढावा बैठक भरे. भिंतीवरच्या पडद्यावर प्रलंबित तक्रारी एकाखाली एक दिसत. नवीन तक्रार पिवळी, नव्वद दिवस उलटले की लाल, आणि काम झाल्यावर 'बंद' असं लिहिलेलं बटण दाबलं की हिरवी. सोय चांगली होती, पण लोकांनी लिहिलेले विषय पडद्यावर मावत नसत. आपल्याकडे माणूस विषयातच सगळं सांगून मोकळा होतो, मजकुरात फक्त राग असतो. एकदा ड्रेनेजचा एक विषय वाचेपर्यंत सगळ्यांचे चहा निवले, तेव्हा मेश्रामांनी परिपत्रक काढलं, की यापुढे कोणताही विषय पाच शब्दांत लिहावा. त्या परिपत्रकाचा स्वतःचा विषय चौदा शब्दांचा होता. पण जेवायला वाढणाऱ्याने आधी पंगतीत बसायचं नसतं, तसंच ते.

अतिरिक्त आयुक्त प्रेमला निंबाळकर मॅडमनी भर बैठकीत या नियमाचं कौतुक केलं. मेश्राम त्या दिवशी घरीही पाच-पाच शब्दांत बोलले म्हणतात.

तर दिवाळीमुळे महिनाभर बुडालेली बैठक नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पुन्हा भरली, तेव्हा पडद्यावर सगळीकडे हिरवळ होती आणि मध्येच एक ओळ लाल होती. 'शनिवार पेठ दवाखाना बंद नसल्याबाबत. ११८ दिवस.'

मॅडमनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. बाई वाईट नव्हत्या. सकाळी साडेनऊला कचेरीत हजर असत, कुणाचा डबा उघडला असेल तर थांबत, आणि फाइल अडवून ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर शत्रूनेही केला नसता. लाल रंग मात्र त्यांना सोसत नसे.

"एकशे अठरा दिवस," मॅडम म्हणाल्या. "हा दवाखाना अजून बंद का नाही?"

आरोग्यप्रमुख डॉ. भीमराव खैरे यांनी हा विषय आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. पण त्या खोलीत 'मला माहीत नाही' हे वाक्य बोलायची पद्धत नव्हती. ते म्हणाले, "प्रक्रिया सुरू आहे, मॅडम."

"कसली प्रक्रिया? दवाखाना सुरू करायला चार महिने लागले तर मी समजू शकते. बंद करायला?"

खैरेंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. इमारतींचं खातं ज्यांच्याकडे होतं ते अभियंते ज्ञानदेव लोणकर मदतीला धावले. "आमच्या बाजूने काही अडचण नाही, मॅडम. भवन विभागाची ना हरकत आहे."

मेश्रामांच्या मनात आलं, हा दवाखाना बंद करायचं ठरलं कधी? आरोग्य खात्यानेच ठरवलं असणार. खैरेंना वाटलं, हे वरून, खुद्द आयुक्तांकडून आलं असणार. लोणकरांना काहीच वाटलं नाही. मॅडमना वाटलं, ज्याअर्थी एकशे अठरा दिवस हा विषय इथे आहे, त्याअर्थी तो कुणीतरी नीट विचार करून आणला आहे. चार शहाणी, शिकलेली, पगारी माणसं एकमेकांकडे आदराने बघत बसली.

"मेश्राम, समन्वय तुमचा," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी ही ओळ मला हिरवी पाहिजे."

"होय, मॅडम."

इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'सर्वानुमते ठरले.' खडकवासल्याचं पाणी कुठल्या पेठेला किती वाजता सोडायचं यावर याच टेबलाशी तीन-तीन तास हमरीतुमरी होत असे. दवाखाना बंद करायला दीड मिनिट लागलं, कारण तो बंद व्हावा असं कुणाचंच म्हणणं नव्हतं.

मेश्रामांनी खोलीत येऊन मुख्य लिपिक ललिताबाईंना आदेशाचं पत्र करायला सांगितलं. ललिताबाईंची अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांनी अकरा साहेब पाहिले होते. पाऊण तासात त्या पत्र घेऊन आल्या. तक्रार दवाखान्यातूनच आली होती, त्यामुळे पत्र ठरलेल्या साच्याप्रमाणे सुरू होत होतं, 'आपल्या अर्जातील मागणीनुसार सदर दवाखाना बंद करण्यात येत आहे.' मेश्रामांनी सही केली. ललिताबाई हलल्या नाहीत.

"काय झालं?"

"साहेब, एकदा जागेवर जाऊन आलात तर बरं होईल."

"कशाला?"

"जवळच आहे," ललिताबाई म्हणाल्या. साहेब लोकांना गोष्ट सांगून कळत नाही, दाखवावी लागते, हे त्यांना तिसऱ्या साहेबापासूनच माहीत होतं.

गुरुवारी सकाळी मेश्राम बॅगेत आदेश आणि कुलुपाला लावायचं सील घेऊन शनिवार पेठेत गेले. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता, दोन खोल्या आणि पुढे बाकं मांडलेला एक लांबट पट्टा. पुढचं दार चांगलं सागवानी होतं, पण वाकडं होऊन अर्ध्यावरच अडकलं होतं. पुढे जाईना, मागे येईना. त्यावर पुठ्ठ्याची पाटी होती. 'दार ओढू नये. ढकलू नये. तेही आपल्यासारखेच आजारी आहे.'

मेश्राम अंग चोरून आत शिरले. बाकावर पंधरा-वीस माणसं होती आणि बाकाखाली एक कुत्रं झोपलं होतं.

"नंबर घेतला का?" एका म्हातारीने विचारलं. चार घरची धुणीभांडी करून आलेली दिसत होती, पदर अजून खोचलेला होता.

"मी पेशंट नाही."

"सगळे असंच म्हणतात. त्या खोक्यातून नंबर घ्या आणि बसा."

मेश्रामांनी नंबर घेतला. एकतीस. म्हातारीचं नाव गोदाबाई आणि तिचा नंबर तीस. पाऊण तासात तिने त्यांना स्वतःची साखर सांगितली, सुनेची सांगितली आणि जिच्याकडे कामाला जात होती त्या बाईंचीही सांगितली.

"इथलं सोडून दुसरीकडे कुठे जाता का कधी?" मेश्रामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठे जाऊ? दुसरा सरकारी दवाखाना आहे, पण माझे गुडघे इथपर्यंतच येतात. मागे एकदा इथे रंगकाम काढलं होतं, आठ दिवस बंद होतं. आठ दिवस सुई नाही. मग पडले मोरीत." तिने कपाळावरची खूण दाखवली. "तेव्हापासून सिस्टरला सांगून ठेवलंय, रंग नको. आम्हाला भिंती बघायच्या नाहीत."

एकतीस नंबर आला तेव्हा मेश्रामांच्या मांडीवरची बॅग जड झाली होती. आत द्वारका सिस्टर होत्या. पन्नाशी उलटलेल्या, काटक, केसांत पांढऱ्याची एकच रुंद पट्टी. त्यांनी मेश्रामांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. "बसा. बाही वर करा."

"सिस्टर, मी जरा वेगळ्या कामासाठी..."

"बोलू नका, आकडा वर जातो." त्यांनी पट्टा आवळला, हवा भरली, सोडली आणि परत भरली. "एकशे सत्तर, शंभर. काय काम करता?"

"नोकरी."

"बसून?"

"हो."

"बैठका असतात?"

"दर मंगळवारी."

"बंद करा," सिस्टर म्हणाल्या. "मीठ पण. आणि सोमवारी परत यायचं. नाव?"

"समाधान मेश्राम. उपायुक्त. पालिकेतून आलोय."

सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी आता मान वर करून नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मेश्रामांना दुसरीकडे बघावंसं वाटलं. त्या उठून दाराशी गेल्या आणि बाहेर ओरडल्या, "गोदाबाई! अहो, दाराचे साहेब आले!"

बाहेरच्या बाकावर आनंदाची लाट आली. कुणीतरी चहा सांगितला. लोकांनी आळीपाळीने येऊन दाराची कहाणी सांगितली. गेल्या पावसाळ्यात लाकूड फुगलं, मग चौकटच खचली. रोज संध्याकाळी सिस्टर दोन्ही फळ्या खिळ्याला बँडेजच्या पट्टीने बांधून घरी जातात. सकाळी येऊन बघतात तर पट्टी सुटलेली आणि आत कुत्री. एकदा कुत्र्याने कापसाचा अख्खा गठ्ठा उसवला होता.

"चार महिन्यांत सहा स्मरणपत्रं पाठवली, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, तिकडे कुणी वाचतच नाही. उगीच नावं ठेवत होते तुम्हाला. वाचता तर!"

त्यांनी कपाटातून अर्जाची पोच काढून पुढे ठेवली. त्यावर पालिकेचा आवक शिक्का होता. खाली गोल, शाळेतल्यासारख्या अक्षरात विषय लिहिला होता. 'शनिवार पेठेतील पालिकेच्या दवाखान्याचे पुढील दार पावसाने फुगल्यामुळे व चौकट खचल्यामुळे नीट बंद होत नसल्याबाबत व त्यातून भटकी कुत्री आत येत असल्याबाबत.'

मेश्रामांनी तो दोनदा वाचला. मग नकळत बोटांवर मोजला. बावीस शब्द होते, आणि त्यातला एकही फालतू नव्हता. त्यांना लाज वाटली. कचेरीत वाटते तशी नव्हे, ती लाज दुसऱ्याने पाहिल्यावर वाटते. ही कुणी न पाहताच वाटत होती, आणि वर समोर चहा आला होता. 'बघतो' एवढंच म्हणून ते निघाले. बॅग त्यांनी उघडली नाही.

खोलीत आल्याआल्या त्यांनी ललिताबाईंना बोलावलं.

"दार हा शब्द कुणी काढला?"

"मीच. पाच शब्दांत बसत नव्हता."

"मग शनिवार काढायचा होता."

"शनिवार काढला तर कुठली पेठ ते कळत नाही, साहेब. आणि पेठ काढली तर 'शनिवारी दवाखाना बंद नसल्याबाबत' असं वाटतं. दार आणि दवाखाना यांतलं एकच ठेवता येत होतं. मी मोठं होतं ते ठेवलं."

मेश्रामांनी मनात मोजून पाहिलं. हिशेब चोख होता.

"आणि मला सांगायचं नाही?"

ललिताबाईंनी फाइल उघडून पुढे केली. त्यांची टिपणी तिथे होती. 'विषय पाच शब्दांत घेतल्याने अर्थ बदलत आहे. सूचना व्हावी, ही विनंती.' त्याखाली हिरव्या शाईत, मेश्रामांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाहिले.'

पालिकेत चूक होत नाही असं नाही, पण चूक माणसाची कधी नसते. ती 'नजरचुकीने' होते. नजर कुणाची, हे विचारायची पद्धत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मेश्रामांनी हा शब्द दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा आणि स्वतःसाठी एकदाही वापरला नव्हता. आता भर बैठकीत उठून काय सांगायचं? की ज्या नियमाचं मॅडमनी कौतुक केलं त्याच नियमाने दवाखाना गिळला? की खैरे 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणाले ती कशाचीच नव्हती? चार खुर्च्या एकदम उघड्या पडल्या असत्या. मेश्राम तीन रात्री कुशी बदलत राहिले आणि रविवारी दुपारी त्यांना युक्ती सुचली. सुचली तेव्हा ते एकटेच हसले. युक्ती इतकी सरकारी होती की तिच्यावर कुणाला बोट ठेवता आलं नसतं. त्या आनंदात ते सोमवारी सिस्टरांकडे जायचंही विसरले.

मंगळवार उजाडला. पडद्यावर लाल ओळ होती आणि पुढे १२५ दिवस.

"मेश्राम?"

"मॅडम, आदेश तयार आहे. पण एक तांत्रिक अडचण आहे. दवाखाना बंद करायचा तर नियमाप्रमाणे कुलूप लावून सील करावं लागतं. त्या दवाखान्याचं दारच बंद होत नाही."

"मग दार दुरुस्त करा आणि दवाखाना बंद करा."

मेश्रामांनी लोणकरांकडे पाहिलं. लोणकर त्यांच्या अपेक्षेप्रमाणेच बोलले. "बंद होणाऱ्या वास्तूवर दुरुस्तीचा खर्च टाकता येत नाही, मॅडम. ऑडिटमध्ये हरकत निघेल."

"म्हणजे दार बंद होत नाही म्हणून दवाखाना बंद होत नाही, आणि दवाखाना बंद होणार म्हणून दार दुरुस्त होत नाही," खैरे म्हणाले. त्यांना हे फार आवडलं.

मेश्रामांचा जीव भांड्यात पडला. सरकारी काम आणि सहा महिने थांब! सहा काय, सहा वर्षं ही फाइल आता तीन खात्यांत गोल फिरणार होती, आणि तोवर गोदाबाईला तिची सुई मिळत राहणार होती.

पण मॅडमनी लाल ओळीकडे पाहिलं. "दार काढून टाका," त्या म्हणाल्या. "वीटकाम करा. तिथे भिंत घाला."

"ते जमेल," लोणकर एकदम ताजेतवाने झाले. "विटा आहेतच आपल्याकडे, दुसऱ्या कामावरच्या उरलेल्या. उद्या सकाळी माणसं पाठवतो. दुपारपर्यंत होऊन जाईल."

दाराची एक चौकट बदलायला पालिकेला एकशे पंचवीस दिवस पुरले नव्हते, आणि तेच दार बुजवायला अर्धा दिवस बस्स होता. खैरेंनी मान डोलावली. इतिवृत्त लिहिणाऱ्या ललिताबाईंनी पेन टेकवलं आणि मेश्रामांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मेश्रामांना बाकावरची म्हातारी दिसली, पदर खोचून विटांच्या भिंतीसमोर उभी, हातात नंबर घेऊन.

ते उठून उभे राहिले. त्या बैठकीत उभं राहून कुणी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांना वाटलं ते बाहेर निघाले.

"मॅडम, हा दवाखाना बंद करायचं कुणीच ठरवलेलं नाही," ते म्हणाले. "सिस्टरनी अर्ज केला होता की दवाखान्याचं दार बंद होत नाही. आम्ही त्यातलं दार काढलं."

"कुठून काढलं?"

"विषयातून. पाच शब्दांत बसत नव्हतं."

लोणकर फोनवर विटांचं सांगत होते, त्यांनी तो हळूच खाली ठेवला. खैरेंचा चेहरा आधी पडला आणि मग, कसली प्रक्रिया सुरू होती हे आता कुणी विचारणार नाही हे लक्षात आल्यावर, सावरला.

ललिताबाईंनी मान वर न करता विचारलं, "साहेब, हे कसं लिहू?"

"नजरचुकीने लिहा," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदीच निष्ठुर नव्हता. त्या दार उघडं ठेवत होत्या. बाहेर पडायचं तर मेश्राम पडू शकत होते.

"नाही मॅडम," मेश्राम म्हणाले. "मला ते लेखी दाखवलं होतं. मी वाचलं नाही आणि 'पाहिले' लिहिलं. चूक माझी आहे. तसंच लिहा."

ललिताबाईंनी तसंच लिहिलं. त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

मॅडमनी चष्मा परत कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, "म्हणजे दवाखाना चालू ठेवायचा?"

"तो चालूच आहे, मॅडम."

"मग दार करा," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारच्या आत. पुढचा विषय घ्या."

दार शुक्रवारी झालं. नवी चौकट, नव्या बिजागऱ्या, रंधा मारून, तेल लावून. पालिकेने मनावर घेतलं तर काय होतं बघा. त्याच शुक्रवारी मेश्रामांना दोन कागद मिळाले. एकात त्यांच्याकडून तक्रार निवारण काढून घेतल्याचं होतं. दुसऱ्यात सोमवारपासून त्यांच्याकडे भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त दिल्याचं होतं. कचेरीतले लोक दोन दिवस 'भीक नको पण कुत्रं आवर' म्हणून हसले आणि मग दुसऱ्या कशावर तरी हसू लागले.

निघण्यापूर्वी मेश्रामांनी संगणकावर शेवटचं काम केलं. काम झालं होतं, म्हणून त्यांनी 'बंद' बटण दाबलं. ओळ हिरवी झाली. त्यांना बरं वाटलं.

सोमवारी सकाळी ते रक्तदाब दाखवायला शनिवार पेठेत गेले. एक आठवडा उशीर झाला होता, बोलणी बसणार हे धरूनच गेले. दार सुरेख दिसत होतं आणि घट्ट लागलेलं होतं. त्यांनी बोटाने ढकललं तसं आवाज न करता उघडलं. आत बाकावर कुणी नव्हतं. बाकाखाली कुत्रंही नव्हतं. द्वारका सिस्टर टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"शनिवारपासून एक माणूस आलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि मोबाइल पुढे केला.

त्यावर पालिकेचा संदेश होता. मेश्रामांनीच मागच्या वर्षी ही सोय केली होती, की तक्रार बंद झाली की तक्रारदारालाच नव्हे, त्या पेठेतल्या नोंदलेल्या प्रत्येक नागरिकाला आपोआप कळावं. संदेश असा होता, 'शनिवार पेठ दवाखाना : बंद. आपले समाधान झाले असल्यास कळवावे.'

"दार लागलेलं बघतात आणि लांबूनच परत जातात," सिस्टर म्हणाल्या. "मी बाहेर जाऊन ओरडले पण. एक गृहस्थ म्हणाले, अहो सिस्टर, तुम्हाला कळवलं नसेल."

"गोदाबाई?"

"त्याही नाहीत," म्हणून सिस्टरांनी रजिस्टरातला पत्ता लिहून दिला.

मेश्राम पत्ता घेऊन जवळजवळ पळतच निघाले. दोन गल्ल्या मागे, जिन्याखालच्या खोलीत गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकले होते, पण शुद्धीवर होती. "कामाला गेले नाही," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे अंधारी येते. नातीने वाचून दाखवलं ना, बंद झालं म्हणून. दाराचे साहेब आले तेव्हाच मला वाटलं होतं, हे काहीतरी करणार."

"चूक झाली आजी," मेश्राम म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते सोपं गेलं. "दवाखाना चालू आहे. चला माझ्याबरोबर."

"पायी?"

त्यांनी रिक्षा केली. रिक्षावाल्याने एवढ्याशा अंतराला यायचं म्हणून दोघांकडे जे पाहिलं, ते मेश्रामांनी सोसलं. सिस्टरांनी गोदाबाईला तपासलं, सुई दिली, पाणी पाजलं आणि आत खाटेवर निजवलं. आता ठीक आहे, असं त्या म्हणाल्या, आणि आणखी दोन दिवस गेले असते तर, असं म्हणून थांबल्या.

मेश्राम बाहेरच्या पट्ट्यात आले. नव्या दाराकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग दोन्ही फळ्या सताड उघडल्या, त्या आपणहून परत लागू लागल्या. म्हणून त्यांनी सिस्टरांकडून बँडेजची पट्टी मागून घेतली आणि दार भिंतीतल्या खिळ्याला बांधून टाकलं, उघडं. जुन्या पाटीचा पुठ्ठा कोपऱ्यात पडला होता. तो उलटा करून, बॅगेतलं हिरवं पेन काढून ते बाकावर लिहायला बसले. बराच वेळ लिहीत होते.

'हा दवाखाना चालू आहे. दार दुरुस्त झाले म्हणून पालिकेने बंद असे कळवले, ते दाराविषयी होते, दवाखान्याविषयी नव्हते. दवाखाना बंद करावा असे कुणीही कधीही ठरवलेले नाही. कळवणाऱ्याची चूक झाली आहे. तरी नुसते पाहून परत जाऊ नये, आत यावे. समाधान मेश्राम.'

सिस्टर मागे उभ्या राहून वाचत होत्या. "फार लांब झालं, साहेब."

"होऊ द्या."

पाटी लावली तसे समोरच्या दुकानातले दोघे रस्ता ओलांडून वाचायला आले. एकाने ती मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत, आणि म्हणाला, "बायकोला सांगतो, तिच्या गोळ्या राहिल्यात." त्याच्या पायांमधून नेहमीचं कुत्रं आत आलं आणि बाकाखाली जाऊन निजलं.

"कुत्र्यांचं आता कुणाकडे असतं?" सिस्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"मग अर्ज करते. विषय किती शब्दांत लिहू?"

"लागतील तेवढ्या," मेश्राम म्हणाले. मग त्यांनी खोक्यातून नंबर उचलला, बाही वर केली आणि बाकावर जाऊन बसले.